चूक कामाची की कामगाराची?

परोपकार हा करायला सोपा आणि निस्तरायला कठीण असा प्रकार आहे. शेजाऱ्याच्या मुलाला फुकट गणित शिकवावं, तर तो नापास झाल्यावर "यांच्याकडे जायला लागला आणि बिघडला" असं जिन्यात ऐकू येतं. लग्नघरी हौसेने वाढपी व्हावं, तर मठ्ठा सांडला की तो कुणी सांडला हे चार पंगती लक्षात ठेवतात. पैसे घेऊन काम बिघडवणाऱ्याला लोक नावं ठेवतात आणि विसरतात. फुकट काम बिघडवणाऱ्याला मात्र विसरत नाहीत. पैसे दिले असते तर निदान परत तरी मागता आले असते, ही हळहळ त्यामागे असावी.

तर फुकट केलेल्या कामात चूक झाली तर ती चूक नक्की कुणाची? करणाऱ्याची, करवून घेणाऱ्याची, की त्या कामाचीच? हा प्रश्न तसा जुना. मोठमोठ्या लोकांनी त्यावर विचार केला असेल. मला मात्र तो पडला तो माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमुळे, आणि त्यामुळे त्याला थोडी धूळ लागलेली आहे.

मी एका बँकेत चौतीस वर्षं काढून निवृत्त झालो. गिरगावात चाळीत राहतो. निवृत्तीनंतर पुण्याच्या पुतण्याने सुटे भाग आणून मला एक कॉम्प्युटर जुळवून दिला. त्यावर माझं काम दिवसाला दीड-दोन तासांचं. विजेचं बिल भरणं, पेन्शन जमा झालं का पाहणं, चाळीच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशेब आणि नातेवाइकांनी पाठवलेले फोटो उघडून "छान" असं लिहिणं. उरलेले बावीस तास ते यंत्र नुसतं बसून असे. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. रिकामं बसणं हा गिरगावात कधीच गुन्हा नव्हता. गॅलरीच्या कठड्याला कोपरं टेकून आमच्या दोन पिढ्या सुखाने म्हाताऱ्या झाल्या. पण पुतण्या पडला आजकालचा. तो म्हणाला, "काका, तुमचं मशीन फुकट बसतं. त्याला कामाला लावू या."

"पगार किती?" आतून आमच्या हिने विचारलं.

"काकू, पगार नाही. हे स्वयंसेवी काम आहे."

"मग हे त्यांच्यासारखंच निघालं," असं म्हणून ती पुन्हा भाजी निवडायला बसली.

ती कल्पना मात्र मला चटकन पटली, कारण ती चाळीत वाढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगावी लागत नाही. लग्नघरी पाचशे पापड करायचे असले तर एकटी बाई पोळपाटाला बसत नाही. पिठाच्या लाट्या करून घरोघर वाटतात, ज्या त्या घरी पापड लाटले जातात आणि संध्याकाळी सगळ्यांचे पापड एका चादरीवर येतात. शास्त्रज्ञांनी तेच केलं. त्यांच्याकडे गणितं एवढी की मोठा कॉम्प्युटर विकत घ्यायला पैसे पुरेनात. तेव्हा त्यांनी गणिताच्या लाट्या केल्या आणि जगभरच्या रिकाम्या कॉम्प्युटरांना वाटल्या. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाने १७ मे १९९९ रोजी 'सेटी ॲट होम' नावाने ही वाटणी सुरू केली. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींच्या खरखरीत कुणा परक्या जीवाचा आवाज सापडतो का, हे लोकांच्या घरच्या यंत्रांनी शोधायचं. लाखो लोकांनी शोधलं. परका जीव काही बोलला नाही, आणि ३१ मार्च २०२० ला नवीन लाट्या पाठवणं थांबलं. त्याच मंडळींनी, म्हणजे डेव्हिड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ही वाटणी कुणालाही करता यावी म्हणून एक प्रणाली तयार केली. तिचं नाव बॉइंक. डबक्यात बेडूक पडल्यासारखं हे नाव आहे, पण तिच्यावर चालणारी कामं गंभीर आहेत. प्रथिनांच्या घड्या कशा पडतात ते शोधणारं 'रोझेटा ॲट होम' त्यातलंच. ते काम ज्यांच्या प्रयोगशाळेतून निघालं त्या डेव्हिड बेकर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मी निवडलं 'आइन्स्टाइन ॲट होम'. त्याला कारण हिंगोली. तुम्ही म्हणाल, आइन्स्टाइनचा आणि हिंगोलीचा काय संबंध? तर गुरुत्वीय लहरी टिपणारं, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचं यंत्र मराठवाड्यात औंढा नागनाथजवळ उभं करायला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. अशा लहरींचा माग गोंगाटातून कसा काढायचा, याच्या गणितात पुण्याच्या आयुका संस्थेतल्या संजीव धुरंधर यांनी अनेक वर्षं घालवली. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी जमवलेली माहिती आइन्स्टाइनवाले लाट्या करून वाटतात. म्हटलं, उद्या हिंगोलीच्या लाट्या वाटायची वेळ आली तर आपल्या घरचं पोळपाट सरावाचं असलेलं बरं.

आता पगार नाही म्हणजे काहीच नाही असं नाही. झालेल्या कामाचे गुण मिळतात. त्या गुणांचं टोपणनाव 'कॉबलस्टोन', म्हणजे फरसबंदीचा दगड. या दगडांचं काहीही विकत मिळत नाही. ते फक्त मोजायचे. फळाची इच्छा धरू नये हे आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. इथे फळाची इच्छा धरायची नाही, पण फळाची नोंद मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत ठेवायची. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला याहून आवडेल असं अध्यात्म नाही. एक हिशेब मात्र हिने मांडला, आणि तो खरा होता. शंभर वॉटचं यंत्र चोवीस तास चाललं तर दिवसाला जवळजवळ अडीच युनिट वीज खातं. म्हणजे परोपकारालाही मीटर असतो. शेवटी रात्री चालवायचं आणि दुपारी बंद ठेवायचं, असा तह झाला.

पहिले काही महिने कामं आली, झाली, गेली. मग एके दिवशी एका कामापुढे दोन शब्द उमटले. त्यांचा अर्थ, 'गणनेत त्रुटी'.

ज्याने कधी सरकारी कचेरीतून अर्ज परत आलेला पाहिला आहे, त्याला या त्रुटींची भाषा परकी वाटणार नाही. एक संदेश असा येतो, की हे काम 'शून्य तक्रार' घेऊन बाहेर पडलं, पण 'काम पुरं झालं' अशी चिठ्ठी मागे ठेवलेली नाही. आमच्या शाखेत असे दोन कारकून होते. दुसरा एक संदेश म्हणजे नुसता आकडा, उणे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८१९. एवढी तूट पाहून माझ्या छातीत धस्स झालं. पुतण्याने फोनवर सांगितलं, की याचा अर्थ एवढाच की कामाने स्मृतीतल्या आपल्या नसलेल्या जागेत पाय ठेवला. हे मला लगेच कळलं. गॅलरीतल्या दीड फुटात पाय ठेवल्यावरून आमच्या चाळीत अकरा वर्षं दावा चालला होता. कधी दिलेला वेळ संपतो, कधी डिस्कवर जागा उरत नाही. कधी व्हायरस पकडणारा रखवालदार या कामाच्या फायलीच चोर समजून धरतो. मग त्याला सांगावं लागतं, की बाबा, हे फोल्डर घरचं आहे, इथे बघू नकोस. मे महिन्यात तर नुसता उकाडा पुरतो. यंत्राच्या पंख्यात गिरगावची धूळ आणि कापसाचे तंतू बसले की ते तापतं, आणि तापलेलं यंत्र तापलेल्या माणसासारखंच बेरजा चुकतं.

या सगळ्यांवर उपाय आहेत. ते मी हळूहळू शिकलो. पण पुतण्याने पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली होती, आणि तिने माझं डोकं जे धरलं ते अजून सोडलेलं नाही. तो म्हणाला, "काका, चूक दिसली की आधी आपलं मशीन उघडायचं नाही. आधी बघायचं, हेच काम दुसऱ्यांकडे कसं झालं."

कारण इथे एकच लाटी अनेकदा दोन घरी जाते. दोन घरं एकमेकांना ओळखत नाहीत. एकाच मालकाच्या दोन यंत्रांकडे तेच काम सहसा जात नाही. दोघांची उत्तरं आली की ती एकमेकांशी ताडून पाहतात. जुळली तर दोघांना गुण. न जुळली तर तीच लाटी तिसऱ्याकडे. २०१० साली आइन्स्टाइनवाल्यांना एक नवा पल्सार सापडला, पृथ्वीपासून सतरा हजार प्रकाशवर्षांवर, सेकंदाला एक्केचाळीसेक गिरक्या घेणारा. तो अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या माइंझ गावच्या एका माणसाच्या यंत्रावर सापडला. दोघांनी वेगवेगळं गणित केलं, दोघांचं जुळलं, आणि शोधाचं श्रेय दोन्ही घरांना गेलं.

हे ऐकून मला बँक आठवली. आमच्याकडेही प्रत्येक नोंद दोघांनी पाहायची असा नियम होता. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासून हिरव्या शाईने टिक मारायची. आमचे एक साहेब तर वर्तमानपत्रातून डोळे न काढता टिक मारत, आणि टिक अगदी रकान्यात पडे. ती कला होती. पण तिला पडताळा म्हणता येणार नाही. पहिल्याचं उत्तर समोर उघडं ठेवून दुसऱ्याने मान हलवायची, याला आपण फार वेळा तपासणी म्हणतो. बॉइंकमध्ये दुसऱ्याला पहिल्याचं उत्तर दिसतच नाही. त्याला संपूर्ण बेरीज नव्याने करावी लागते. एवढा एक नियम आमच्या शाखेत असता, तर साहेबांचं वर्तमानपत्र वाचून झालं नसतं.

आता गंमत अशी, की दोन प्रामाणिक यंत्रांची उत्तरंही हुबेहूब जुळत नाहीत. वेगवेगळ्या घडणीची यंत्रं अपूर्णांक थोडे वेगळे गुंडाळतात, आणि लाखो बेरजांनंतर शेवटच्या दशांशात फरक पडतो. म्हणून तपासणाराच थोडी सूट ठेवतो, किंवा काही कामांत एकाच घडणीच्या दोन यंत्रांना जोडीला घालतो. आमच्या संसाराला चाळीस वर्षं झाली. घटना एकच, साल एकच, तरी 'त्या दिवशी काय झालं' यावर आमचं दोघांचं शेवटच्या दशांशात जुळत नाही. कुणी खोटं बोलत नाही. घडण वेगळी.

सेटीच्या काळात मात्र खोटं बोलणारेही निघाले. गुणांच्या यादीत वर चढायला काही लोकांनी कार्यक्रमात फेरफार करून, न केलेल्या गणिताची उत्तरं पाठवली. ज्या दगडांचं काही येत नाही, त्या दगडांसाठी! पैशासाठी लबाडी करणारा माणूस मला समजतो. पण फुकटच्या कामात फुकटच्या मानासाठी लबाडी करणारा माणूस पाहिला की वाटतं, याला गणपतीच्या मंडळात खजिनदार करावं. निदान कुणाला आश्चर्य तरी वाटणार नाही.

या सगळ्यातून मला चुकांचे दोन वर्ग दिसू लागले. एक चूक आरडाओरडा करून येते. काम मधेच पडतं, उणे एकशेसात कोटी दाखवतं. ही चूक सभ्य आहे. ती म्हणते, "मला जमलं नाही." फार तर वेळ जातो, लाटी दुसऱ्या घरी जाते. दुसरी चूक गुपचूप असते. काम शंभर टक्के पुरं होतं, चिठ्ठी ठेवतं, हसतमुखाने उत्तर देतं, आणि उत्तर चुकीचं असतं. बॉइंकचा सगळा खटाटोप या दुसऱ्या चुकीसाठी आहे.

आणि एका पावसाळ्यात माझं यंत्र नेमकं तेच करायला लागलं. कामं पुरी होत होती, एकही तक्रार नव्हती, आणि जोडीदारांशी ताडल्यावर दर पाच-सहा कामांतलं एक 'अग्राह्य' ठरत होतं. जोडीदारांचं आपापसात जुळत होतं. वेगळं पडत होतो ते आम्हीच. मी यंत्र टॅक्सीत घालून ऑपेरा हाऊसवरून लॅमिंग्टन रोडला नेलं. (त्या रस्त्याचं नाव बदलून डॉ. भडकमकर मार्ग झाल्याला जमाना लोटला, पण बिघडलेली वस्तू अजून लॅमिंग्टन रोडलाच जाते.) तिथल्या पोऱ्याने झाकण उघडलं, स्मृतीच्या दोन पट्ट्या बाहेर काढल्या, खिशातून शाळकरी मुलाचं असतं तसं खोडरबर काढलं आणि त्यांच्या सोनेरी दातांवर घासायला लागला. चूक खोडायला खोडरबर! मला ते इतकं तर्कशुद्ध वाटलं, की मी काही बोललो नाही. त्याने भागलं नाही तेव्हा त्याने एकेक पट्टी आळीपाळीने लावून रात्रभर स्मृतीची परीक्षा घेतली. एक पट्टी खराब निघाली. म्हणजे पूर्ण नाही. कोट्यवधी घरांतलं एखादं घर, आणि तेही यंत्र तापल्यावरच. "काका," तो म्हणाला, "नेहमीच्या वापरात तुम्हाला कधी कळलंच नसतं."

त्याला वाटलं तो मला धीर देतो आहे. मला घाम फुटला. नेहमीच्या वापरात कळलं नसतं याचा अर्थ असा, की पेन्शनचा हिशेब, वर्गणीचा ताळेबंद, हिच्या रक्ततपासणीचे आकडे, सगळं त्या विसरभोळ्या घरावरून जा-ये करत होतं. मी वर्गणीचा हिशेब तीन वर्षं मागे जाऊन कागदावर पुन्हा केला. पै न् पै जुळला. पण ज्याचा पडताळा कुणी मागत नाही, अशा केवढ्या गोष्टी आपण 'बरोबर' या खात्यात टाकून मोकळे होतो!

ही नुसती म्हाताऱ्याची भीती नाही. १९९४ साली अमेरिकेत टॉमस नाइसली नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाला मूळ संख्यांच्या गणितात एक बेरीज जुळेना. त्याने आपला कार्यक्रम तपासला, यंत्राचे भाग तपासले, तेच गणित जुन्या यंत्रावर करून पाहिलं आणि काही महिन्यांनी सिद्ध केलं, की इंटेलच्या पेंटियम या नव्या चिपलाच काही भागाकार येत नाहीत. कंपनीने आधी सांगितलं, साध्या गिऱ्हाइकाला ही चूक २७,००० वर्षांत एकदा भेटेल. डिसेंबरात मात्र मागेल त्याला चिप बदलून द्यावी लागली, आणि ४७ कोटी ५० लाख डॉलर खर्ची पडले. दुसरं यंत्र शेजारी नसतं, तर नाइसलीसाहेबांना अजून आपलंच डोकं तपासत बसावं लागलं असतं.

इथपर्यंत चूक कामगाराची. पट्टी खराब, दोष माझ्या यंत्राचा, हे मान्य. ज्या यंत्राची कामं सारखी फसतात, त्याला बॉइंक ओरडत नाही; दिवसाला मिळणाऱ्या कामांची मर्यादा कमी कमी करत एकावर आणतं. आणि उत्तरं बरोबर येऊ लागली की पुन्हा वाढवतं. मागचं काढत नाही. काही ठिकाणी तर सातत्याने बरोबर निघणाऱ्या यंत्राला जोडीदारही देत नाहीत, एकट्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात. मात्र मधूनच, न सांगता, एखादं काम दुसऱ्याकडून करवून घेतात. ही पद्धत मला फार आवडते. विश्वास ठेवायचा पण डोळा उघडा ठेवायचा, हे आमच्या आईलाही वाण्याच्या बाबतीत साधलेलं होतं.

पण आता उलटी बाजू पाहा. एखादी लाटी पहिल्या घरी फसते, दुसऱ्या घरी फसते, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या घरी फसते. तेव्हा बॉइंक लाटी वाटणं थांबवतं आणि तिच्यापुढे शेरा मारतं, की त्रुटी फार झाल्या, कामातच दोष असावा. दोष पिठाचा. लाटणाऱ्या बायका निर्दोष.

हा शेरा नेहमी इतक्या लवकर पडत नाही. २००६ साली बीबीसीने ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांबरोबर हवामानाचा एक प्रयोग लोकांच्या कॉम्प्युटरवर लावला. १९२० पासून २०८० पर्यंतचं जगाचं हवामान घरच्या यंत्राने काढायचं. एकेक काम महिनोन्महिने चालायचं. फेब्रुवारीत सुरू झालं, आणि एप्रिलमध्ये लक्षात आलं की सगळ्यांचीच पृथ्वी भलतीच तापते आहे. हवेतल्या गंधकाच्या कणांमुळे सूर्याची उष्णता थोडी अडते. त्या कणांची माहिती देणाऱ्या फाइलीतच गफलत होती. हजारो घरची यंत्रं रात्रंदिवस, अगदी बिनचूक, चुकीचं गणित करत होती. सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. आणि इथे तर पडताळाही लंगडा पडतो. सगळ्यांना एकच खराब पीठ दिलं, की सगळ्यांचे पापड एकमेकांशी छान जुळतात.

हे सगळं मी माझ्या लालबागच्या मित्राला सांगत होतो. आम्ही बँकेत एकाच वर्षी लागलो. तो येतो, गॅलरीत बसतो, चहा घेतो आणि माझं ऐकून घेतो. फुकटच्या कामात याहून अवघड काम नसेल. त्या दिवशी पडद्यावर असंच एक काम होतं. माझ्याकडे फसलेलं, आणि आणखी चार जणांकडेही. पुढे तो शेरा. मी त्याला अर्थ सांगितला. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे पाच जणांकडून काम झालं नाही, तर काम खराब, असं हे लिहून देतात?"

"हो."

"लेखी?"

"लेखी. सगळ्यांना दिसेल असं."

तो थोडा वेळ खाली रस्त्याकडे बघत राहिला. मग त्याने आपल्या वडिलांचं सांगितलं. चौतीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. वडील परळच्या एका गिरणीत साळखात्यात साच्यावर होते. आधी बदली, रोज सकाळी भोंग्याला दारात उभं राहायचं, कुणाचा खाडा असला तर आत. मग कायम झाले. कापडात दोष निघाला की पगारातून पैसे कापत. वडील म्हणत, सूत कच्चं आहे, कापसात भेसळ आहे, धागा धोट्यालाच टिकत नाही. शेजारच्या साच्यावरही तुटतो, त्याच्या पलीकडेही तुटतो. पण शेजारच्याचे पैसे शेजारच्याच्या नावावर कापले जात आणि यांचे यांच्या. तीन वेगळ्या नोंदी. तिन्ही एका कागदावर कुणी मांडल्याच नाहीत.

"कायदा होता की," मी म्हटलं. खरंच होता. १९३६ चा पगारवाटपाचा कायदा सांगत असे, की नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराला आपली बाजू सांगायची संधी दिली पाहिजे.

"देत होते ना संधी. जॉबर विचारायचा, बोल, काय म्हणणं आहे? बाप म्हणायचा, सूत कच्चं. मग तिथे अंगठा घ्यायचे, आणि कापायचे." तो हसला. "घरी येऊन आईला सांगायचा, माझा हातच आता पहिल्यासारखा राहिला नाही. शेवटी शेवटी त्याला ते खरं वाटायला लागलं होतं. आम्हालाही."

मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी माझ्या यंत्राची बाजू घेतली. म्हटलं, बघ, एवढं साधं होतं. तेच सूत दुसऱ्याच्या साच्यावर द्यायचं आणि बघायचं. एका अमेरिकन विद्यापीठाला सुचलं ते गिरणीमालकाला का सुचू नये?

"सुचत होतं रे," तो म्हणाला. "तुझ्या या लोकांना न्याय परवडतो, कारण ते कुणाला काही देतच नाहीत. पाचांचं चुकलं काय, पन्नासांचं चुकलं काय, तिजोरीतून पै जात नाही. आमच्याकडे सूत खराब ठरलं असतं, तर पैसे मालकाचे जात होते. बापाचा हात खराब ठरला, तर बापाचे."

चौतीस वर्षं हिशेब तपासले मी, पण ही बाजू जमेची की नावेची ते त्याने एका वाक्यात सांगितलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला तेव्हा त्याचे वडील निवृत्तीला आले होते. अडीच लाख माणसं बाहेर पडली, त्यांत तेही होते. परत आत गेलेच नाहीत. त्या गिरणीच्या जागेवर आता काचेची इमारत आहे. तिच्यात रात्रभर दिवे असतात आणि म्हणे नुसते कॉम्प्युटर चालतात.

मी विषय बदलावा म्हणून यंत्र बंद करायला गेलो. तो म्हणाला, "थांब. ते बाकीचे चौघं कोण?"

दोघांची नावं झाकलेली होती. तिसऱ्याच्या नावापुढे जपान होतं, चौथ्याच्या पुढे झेक प्रजासत्ताक.

"त्यांना माहीत आहे का, की चूक त्यांची नव्हती?"

"पान उघडलं तर दिसेल त्यांना."

"उघडतात का सगळे?"

"फारसं कुणी उघडत नाही. काम फसलं की लोक मशीन उघडून बसतात."

"हं." त्याने उरलेला चहा संपवला, कप कठड्यावर ठेवला. "त्या जपानवाल्याला दोन ओळी लिहिता येतात का यातून?"

"येतात."

"मग खुर्ची दे जरा इकडे," तो म्हणाला. "आणि हे सांग, मराठीत लिहिलं तर चालेल का त्याला?"